दुसरीतला मुलगा थंडीत सारखा आजारी पडतोय, शाळेत पाठवू का घरी ठेवू?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगा दुसरीत, वजन २० किलो, राहता नाशकातच, शाळा सकाळी ७.१० ची, डिसेंबर लागल्यापासून तिसऱ्यांदा सर्दी-खोकला, गॅदरिंगची प्रॅक्टिस चालू आहे म्हणून सुट्टी घ्यायचा जीव होत नाही, सासूबाई म्हणतात केळं-दही बंद करा, मिस्टर म्हणतात एखादं चांगलं टॉनिक आणू, आणि हल्ली तो रोज सकाळी पोट दुखतंय म्हणून रडतो. मी २३ वर्षं नाशकात लहान मुलांची डॉक्टर आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे संध्याकाळच्या ओपीडीला निम्म्या आया हेच सांगत येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी काळजी थोडी कमी करते. या वयाच्या मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं नॉर्मल आहे आणि त्यातल्या बऱ्याचशा पावसाळ्यात आणि थंडीत येतात. सर्दी चार-पाच दिवसात उतरते पण मागे राहिलेला खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, तो संपत नाही तोवर दुसरी सर्दी येते आणि मग घरच्यांना वाटतं की पोरगं महिनाभर आजारीच आहे. मधल्या दिवसात तो खेळतोय, खातोय, वजन घटत नाहीये, तर त्याची प्रतिकारशक्ती कमी झाली वगैरे काही नाही. टॉनिकची गरज नाही, ते पैसे वाचवा. नाकातून पिवळं-हिरवं आलं म्हणून अँटिबायोटिक पण लागत नाही, ते सर्दी उतरतानाच येतं, त्यामुळे मेडिकलवाल्याकडून मागच्या वेळचीच गोळी परत आणणं कृपा करून बंद करा.

थंडीने सर्दी होते असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय, पण सर्दी होते व्हायरसने. थंड कोरड्या हवेने नाक आतून कोरडं पडतं आणि व्हायरसला शिरायला सोपं जातं, तेवढा थंडीचा वाटा आहे, पण खरं काम होतं ते बंद खिडक्यांमुळे. वर्गात गार वारा येतो म्हणून खिडक्या बंद, व्हॅनच्या काचा वर, एका बाकावर तिघं, त्यातल्या एकाचं नाक वाहतंय आणि तोच हात पेन्सिलला, खोडरबरला, डब्याला. केळ्याने, दह्याने कफ होतो याला काही आधार नाही, फ्रिजमधून काढलेलं गारेगार देऊ नका एवढंच. आजींना सांगा की थंडीतलं केळं त्याला चालतं, उलट आता पेरू, बोरं, आवळा, गाजर, ओला हरभरा सगळं बाजारात आहे तर भरपूर खाऊ द्या. बाजरीची भाकरी, तूप, गूळ, तिळाची चटणी हे आपल्याकडे थंडीत उगाच खात नाहीत, आणि भोगीच्या भाजीत तर सगळा भाजीबाजारच येतो. न खाई भोगी तो सदा रोगी म्हणतात ना, त्या एका दिवसाची भाजी आठवड्यातून दोनदा केली तरी चालेल.

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण मला तुमच्या प्रश्नात औषधापेक्षा वेगळीच गोष्ट जास्त दिसतेय. शाळा ७.१० ची म्हणजे व्हॅन साडेसहाला, म्हणजे त्याला तुम्ही पावणेसहाला उठवत असणार. डिसेंबर संपता संपता नाशकात सूर्यच सातनंतर उगवतो, म्हणजे पोरगं पूर्ण अंधारात, सगळ्यात गार वेळेला उठतंय. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासात ९ ते १२ तास झोप लागते. पावणेसहाला उठायचं तर कमीत कमी पावणेनऊला तो झोपलेला हवा, नुसता अंथरुणात नाही तर खरंच झोपलेला. आणि मी ओपीडीत विचारते की रात्री कधी झोपतो, तर उत्तर येतं साडेदहा, कधी अकरा. म्हणजे रोजचे दीड-दोन तास कमी, आठवड्याला दहा-बारा तास. अपुऱ्या झोपेने चिडचिड होते, भूक मंदावते, सर्दी पटकन धरते, वर्गात लक्ष लागत नाही, आणि यातल्या प्रत्येक तक्रारीसाठी लोक वेगवेगळं सिरप मागतात.

एक उदाहरण सांगते. पहिलीतली मुलगी, अंबड एमआयडीसीत वडील सेकंड शिफ्टला, घरी यायला रात्रीचे साडेअकरा. मुलगी पप्पा आल्याशिवाय झोपायची नाही, आईला पण वाटायचं की बापलेकींची दिवसात तेवढीच भेट होते, कशाला तोडा. दोन महिने सर्दी, खोकला, वजन तिथेच. मी औषध काहीच बदललं नाही, फक्त वडिलांना सांगितलं की तुमची भेट सकाळी ठेवा, तिला उठवायचं, आंघोळ घालायची, वेणी तुम्ही घालायची आणि व्हॅनपर्यंत तुम्हीच सोडायचं, नंतर परत झोपा. वडिलांना पहिले आठ दिवस वेणी जमेना, पण मुलगी साडेआठला झोपायला लागली, कारण सकाळी पप्पा उठवणार हे तिला माहीत होतं. महिन्याभराने आले तेव्हा दीड किलोने वजन वाढलेलं होतं, आणि खरं सांगू, मलाच भरून आलं. प्रत्येक घरात असं होईलच असं नाही, पण रात्र लवकर आवरायची सुरुवात मोठ्यांपासून होते हे मात्र मी प्रत्येक घरात बघितलंय. आठ वाजता टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, जेवण साडेसातला. पाहुणे आले, लग्न आहे, मॅच आहे तर चालतं एखादा दिवस, रोज नाही.

शाळेच्या वेळेबद्दल पण बोला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने परिपत्रक काढलं होतं की पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, त्याच्या आधी तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय जाहीरपणे काढला होता. तरी दोन शिफ्टची इमारत, व्हॅनच्या फेऱ्या अशा कारणांनी बऱ्याच ठिकाणी जुनंच वेळापत्रक चालू आहे. एकट्याने जाऊन भांडू नका, पालक-शिक्षक संघातून दहा-पंधरा पालकांच्या सह्या घेऊन मुख्याध्यापकांना अर्ज द्या, निदान थंडीच्या दोन महिन्यांपुरती वेळ अर्धा-एक तास पुढे न्या म्हणा. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच-सहावर आला की काही शाळा तेवढ्यापुरतं असं करतातही, मागितलं तर मिळतं.

कपड्यांचं बघा. आपल्याकडची थंडी फसवी असते, सकाळी १० डिग्री आणि दुपारी एक वाजता २८-२९, म्हणजे सकाळी घातलेला जाड स्वेटर दुपारी मैदानात घामाने ओला होतो आणि पोरं तो काढत नाहीत कारण हरवला तर घरी ओरडा बसतो. एकच जाड घालण्यापेक्षा आत सुती बनियन, वर शाळेचा शर्ट, वर पातळ स्वेटर, आणि व्हॅनपुरती कानटोपी. स्वेटरवर नाव लिहा आणि त्याला स्पष्ट सांगा की गरम झालं की काढायचा, दप्तरात ठेवायचा, हरवला तरी मी रागावणार नाही. हे वाक्य त्याला खरंच म्हणून दाखवा.

पाण्याची बाटली आज संध्याकाळी हलवून बघा. थंडीत तहान लागत नाही, आणि शाळेतली बाथरूम गार, ओली, वास येणारी, म्हणून मुलं पाणी पीतच नाहीत, लघवी धरून ठेवतात, मग पोट कडक, शी दोन-दोन दिवस नाही, लघवीला जळजळ. सकाळी पोट दुखण्याचं हे एक अगदी साधं कारण आहे. त्याला शी रोज होते का हे विचारू नका, तो हो म्हणेल, आठ दिवस स्वतः लक्ष ठेवा. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, नाश्ता झाला की दहा मिनिटं निवांत टॉयलेटला बसणं, त्यासाठी सुद्धा सकाळची घाई कमी व्हायला हवी, म्हणजे परत रात्रीच्या झोपेवरच गाडी येते.

पण पोट साफ होतंय आणि दुखणं फक्त शाळेच्या दिवशीच आहे, रविवारी नाही, तर जरा हळुवारपणे शोधा. मुलगा नाटक करतोय असं म्हणू नका, काळजी वाटली की मुलांचं पोट खरोखरच दुखतं. माझ्याकडे तिसरीतला एक मुलगा यायचा, मंगळवारी आणि शुक्रवारीच पोटात दुखायचं. सोनोग्राफी झाली, जंताचं औषध झालं. शेवटी बोलता बोलता कळलं की त्या दोन दिवशी गॅदरिंगची प्रॅक्टिस असते, नाचताना बाई स्वेटर काढायला सांगतात, आणि आतल्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं, तिथे सेफ्टी पिन होती, दोन मुलं हसली होती. आईने ते बटण माझ्यासमोर बसल्या बसल्या बघितलं आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं, कारण तीही सकाळच्या घाईत रोज ती पिन लावत होती. तुम्ही त्याला थेट शाळेत काय झालं असं विचारलंत तर उत्तर येईल काही नाही. त्यापेक्षा रात्री पांघरुणात शेजारी पडून विचारा की आज डबा कोणाबरोबर खाल्ला, नाचात तू कुठे उभा असतोस, व्हॅनमध्ये कोणाशेजारी बसलास. यातल्या एखाद्या प्रश्नाला तो गप्प होईल, तिथे थांबा, खोदू नका, दुसऱ्या दिवशी बाईंशी बोला. दोन-तीन आठवड्यात काही फरक नाही, जेवण-झोप बिघडतेय, रोज रडतोय, तर मुलांच्या समुपदेशकाला भेटा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर पण मोफत बोलता येतं.

आता खोकल्याचं. दुकानातून खोकल्याचं औषध आणू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं आणि किडन्या निकामी होऊन लहान मुलं गेली, त्यातली कितीतरी उपचाराला आपल्या नागपूरलाच आणली होती. तेव्हा केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने परत एकदा सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. तुमचा मुलगा सात वर्षांचा असला तरी साध्या खोकल्याला या सिरपचा फार उपयोग होत नाही. झोपताना चमचाभर मध द्या, पण घरात एक वर्षाखालचं बाळ असेल तर त्याला मध अजिबात चाटवू नका. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात ते झोपण्याआधी. हळदीचं दूध, आल्याचा काढा आवडत असेल तर जरूर द्या, घसा शेकतो. पातेल्यातली वाफ मात्र नको, दर थंडीत पातेलं उलटून भाजलेलं एखादं मूल मला बघावं लागतं. कापराची पुरचुंडी गळ्यात बांधायची पद्धत आहे ती पण सोडा, कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात.

खोकला रात्री दोन-तीन वाजता वाढतो, पळाल्यावर येतो, हसल्यावर येतो, छातीत शिट्टीसारखा आवाज येतो, घरात कोणाला दमा किंवा अॅलर्जी आहे, असं काही असेल तर हा बालदमा असू शकतो आणि मग सर्दीचे उपाय करत बसण्यात अर्थ नाही. पंप म्हणजे इनहेलर दिला की लोक घाबरतात, सवय लागेल म्हणतात. सवय लागत नाही. पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं, डोस अगदी थोडा लागतो, सिरपने हात थरथरतात ते सहसा होत नाही, मुलांना तो स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी, लावून घ्यायचा असतो एवढं नीट शिकून घ्या. घरात मच्छर कॉइल, धूप, आणि सोसायटीच्या वॉचमनने पेटवलेली कचऱ्याची शेकोटी, या तिन्हीपासून अशा मुलाला लांब ठेवा.

ताप आला तर पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं, वयावर नाही. एका वेळेला किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम. पण बाटलीवरचा आकडा वाचा, ५ मिलीत २५० असेल तर ६ मिली, ५ मिलीत १२५ असेल तर १२ मिली. दोन बाटल्या घरात ठेवू नका, रात्री झोपेत हमखास घोळ होतो. दोन डोसमध्ये सहा तासाचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही. डोस मोजायला बाटलीबरोबरचं माप किंवा सिरिंज वापरा, घरातला चमचा नको.

शाळेत पाठवायचं का? नुसतं नाक वाहतंय, थोडा खोकला आहे, पण खेळतोय, खातोय, तर रुमाल देऊन पाठवा, खोकताना कोपराच्या आत खोकायला शिकवा. ताप असेल तर घरी ठेवा, आणि औषध न देता चोवीस तास ताप आला नाही मगच शाळा. सकाळी पॅरासिटामॉल पाजून गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला पाठवणारे पालक दर वर्षी भेटतात, अकरा वाजता औषध उतरतं, पोरगं बाकावर डोकं टाकून पडतं आणि तोवर शेजारच्या दोघांना लागण झालेली असते. उलट्या-जुलाब असतील तर थांबून चोवीस तास झाल्यावर. कांजिण्या आल्या तर सगळ्या पुळ्यांना खपल्या धरेपर्यंत घरी. नाचातली जागा जाईल असं वाटत असेल तर बाईंना फोन करून सांगा, बहुतेक बाई समजून घेतात.

फ्लूच्या लसीचं कोणी विचारेल म्हणून सांगते, आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा डोकं वर काढतो, पावसाळ्याच्या शेवटी शेवटी आणि जानेवारी ते मार्च. दमा, हृदयाचा आजार असलेल्या मुलांना दर वर्षी द्याच, इतरांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण मी सांगितल्याशिवाय राहणार नाही. घरात गॅस गीझर आहे का? बाथरूमच्या आत बसवलेला असेल आणि थंडी लागते म्हणून दार-खिडकी बंद करून आंघोळ होत असेल तर आजच थांबवा. ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, डोकं जड होतं, मळमळतं, मूल खाली बसतं आणि बेशुद्ध पडतं, दाराला आतून कडी असेल तर बाहेर कळतही नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात आणि त्यात माणसं गेलेली असतात. गीझर बाहेर बाल्कनीत हलवून घ्या, आणि ते होईपर्यंत बादली भरा, गीझर बंद करा, दार-खिडकी उघडी ठेवून हवा जाऊ द्या, मग मुलाला आत न्या. शेगडी किंवा कोळसे बंद खोलीत ठेवून झोपणं हा पण तोच प्रकार. आंघोळीला पाणी कोमटच असू द्या, कढत पाण्याने कातडी अजून फुटते, अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. गालावर पांढुरके चट्टे दिसले तर ते कॅल्शियमच्या कमतरतेने किंवा जंताने येत नाहीत, कोरड्या कातडीचाच तो प्रकार आहे, तेल-क्रीम लावत राहिलं की काही महिन्यात जातात.

संक्रांतीच्या आसपास त्याला स्कूटरवर पुढे उभं करून नेऊ नका. नायलॉन मांजावर बंदी आहे तरी नाशिक-येवल्यात तो सापडतोच, आणि पुढे उभ्या असलेल्या मुलाचा गळा नेमका दोऱ्याच्या उंचीवर येतो. त्याला मागे बसवा आणि गळ्याला जाड मफलर गुंडाळा. धाकट्याचं कोणाचं बोरन्हाण असेल तर खाली पडलेली बोरं, रेवड्या, शेंगदाणे ते बाळ उचलून तोंडात घालत नाहीये ना यावर एका मोठ्या माणसाने फक्त तेवढंच बघत बसायचं, फोटो दुसऱ्याने काढायचे.

आणि कधी थांबायचं नाही ते. तो झोपलेला असताना शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट मोबाईलवर वेळ लावून श्वास मोजा, पाच वर्षांवरच्या मुलाचे ३० च्या वर असतील, बरगड्यांमध्ये कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर वाटत असतील, बोलताना दम लागत असेल, पाणी पण पोटात राहत नसेल, सहा-आठ तासात लघवी नाही, ताप उतरल्यावर सुद्धा मलूल पडून आहे, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा. ताप तीन दिवसांच्या वर गेला तरी दाखवायचंच.

तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही, त्यामुळे पंधरा दिवस झोपेची वेळ बदलून बघा आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज तीन गोष्टी लिहा, रात्री किती वाजता झोपला, शी झाली का, रात्री खोकून किती वेळा उठला. डॉक्टरांकडे जाताना त्या पानाचा फोटो काढून न्या.